मी खाडीत टाकलेला नारळ

"तीन दिवस उरणच्या खाडीकाठी चाललेय," असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "कामाला?" आणि दुसरं, "ट्रक मोजायला?" नवीन पनवेलची माणसं फिरायला केरळला जातात, हिमाचलला जातात. उरणच्या बाजूला फक्त कंटेनर जातात. पण मी गेले, आणि आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. शेवटी आमचे हे म्हणाले, "एकदाचं लिहून काढ बाई, म्हणजे जिन्यात लोकांना अडवायची थांबशील."

मी भूगोलाची शिक्षिका. तीस वर्षं फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढून पनवेलच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवली. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे मासे खायला शिकले ते लग्नानंतर, आणि शिकले ते मंजुळाबाईंच्या पाटीवर. पनवेलच्या मासळी बाजारात त्या माझ्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवतात आणि मी भाव केला की "म्याडम, पगार कुनाचा मोटा, तुमचा का माजा?" असं सगळ्यांसमोर विचारतात. तर गेलं वर्षभर त्यांच्या पाटीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, नव्हत्या. मी दर आठवड्याला विचारायचे आणि त्या "बंद हाय" म्हणायच्या. निवृत्तीनंतर वेळच वेळ, म्हणून एक दिवस मी खोदून विचारलं.

"बंद म्हणजे? सरकारनं केल्या?"

"नाय. मी केल्या."

आता सांगा, अशा बाईच्या गावाला न जाऊन कसं चालेल?

शुक्रवार, चतुर्दशी

मासळी बाजारातून रिकामी क्रेटं घेऊन परतणारा टेम्पो दुपारी निघतो. मी पुढे, मंजुळाबाईंच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये. अंगावर शहाण्यासारखा नवा सलवार-कुर्ता, पायात चांगल्या चपला, मांडीवर पिशवी आणि पिशवीत ओटीचं सामान. कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर सवाष्णीची ओटी भरावी, म्हणून खण, तांदूळ आणि चांगला शेंडीचा नारळ घेतला होता. ह्या नारळावर लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही.

जासईच्या पुढे दोन्ही बाजूंना कंटेनरच्या चळती, आणि मग अचानक रस्ता डावीकडे वळला, एक बांध लागला आणि समोर खाडी! मी "अय्या!" म्हणून ओरडले, तर ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला आणि मागची क्रेटं एकमेकांवर आदळली. पलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, हिरवी रांग, त्यांच्यावरून न्हावा शेव्याच्या क्रेनच्या माना दिसत होत्या, आणि मध्ये एवढं मोठं आभाळ! घरापासून तासाभराच्या अंतरावर हे होतं आणि मी तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढत बसले होते. मला स्वतःचाच राग आला.

गावाचं नाव लिहिणार नाही. मंजुळाबाईंनी बजावलंय, "नाव छापलंस तर रयवारी गाड्या भरून पिशव्या घेऊन येतील." त्यांच्या घरात शिरल्याबरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीचं आंबट पुढे आलं. मंजुळाबाईंचे यजमान पंढरीदादा दारात जाळं विणत होते. ते बोलत नाहीत. तीन दिवसांत मी त्यांची चार-पाच वाक्यं ऐकली असतील, त्यातलं पहिलं होतं, "भाकरी घ्या आनखी."

संध्याकाळी पाणी उतरलं की चिखल दाखवायचं ठरलं. किती वाजता उतरेल ते बघायला मी मोबाईल काढला, तर ओट्यावर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "चवदस हाय. साडेधाला भरलेली, साडेचारला सुकंल." ह्या हिराआजी. शिंपल्या वेचणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात वडील, तोंडात तंबाखू, शब्द अखेरचा. मी मोबाईलमध्ये पाहिलं. फरक दहा मिनिटांचाही नव्हता!

"आजी, कसं काढलंत?"

"तिथीची पाऊनपट भरती. चवदाची पाऊनपट किती? मास्तरीन हाईस ना?"

साडेदहा. चौदाची पाऊणपट साडेदहा! मी उडालेच. माझ्या तीस वर्षांच्या सगळ्या आकृत्या ह्या एका ओळीत बसत होत्या आणि एकाही पाठ्यपुस्तकात ती ओळ मी वाचली नव्हती. मी आजींना नमस्कारच केला. त्या थुंकून म्हणाल्या, "तिथी बदलली नाय, भरती बदलली नाय. पानी बदललाय."

काय बदललंय ते साडेचारला समजलं. पाणी गेलं आणि मैलभर राखाडी, ओला, चमकणारा चिखल उघडा पडला. आपल्या तिसऱ्यांना इथे शिवल्या म्हणतात आणि त्या ह्या चिखलात असतात. मंजुळाबाई चालत चालत सांगत होत्या. पूर्वी मे महिन्यातसुद्धा चिखल पायाला गार लागायचा. आता ओहोटीला भाजतो, आणि बारीक शिवल्या तोंड उघडून मरतात. पाऊस लांबतच जातो, मग गोडं पाणी खाडीत साचून राहतं आणि उरलेल्यांपैकी निम्म्या जातात. दोन वर्षांपूर्वी तर अशी वेळ आली की दिवसभर कोयती मारली तरी वाटीभर निघायच्या, आणि त्याही नखाएवढ्या. तरी बायका काढत होत्या, कारण आपण नाही काढल्या तर शेजारीण काढणार.

"मग मी बोलले, दर्याला कसा नारली पुनवेचा नारल पडल्याबिगर कोन होडी घालीत नाय, तसा ह्या चिखलाचा बी नारल करूं. खाडीत नारल पडंल तवा उघडंल. तवर कोयती घरात."

"आणि ऐकलं सगळ्यांनी?"

"कागद केला असता तर नाय ऐकला असता. दंड लावला असता तर शिव्या दिल्या असत्या. नारलाला कोन नाय म्हननार?"

मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या, आणि तोल जाऊन घोट्यापर्यंत रुतले. मंजुळाबाईंनी मला उपटून काढलं, मग कमरेच्या पिशवीतून एक लहानशी पितळी बांगडी काढली. त्यांच्या मुलीची, बारशाची. चिखलात हात घालून त्यांनी एक शिवली काढली, बांगडीवर ठेवली. शिवली बांगडीतून सर्रकन खाली पडली. दुसरी काढली, तीही पडली. पण काय सांगू, हात घालावा तिथे शिवल्या होत्या! वर्षभरात चिखल पुन्हा भरला होता.

"बांगडीत अडकली का समजायचा बीज टाकून झालाय तिचा. मंग नारल. अजून दोन पुनवा तरी." त्या उभ्या राहिल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "बायका घाईला आल्यात, बाई. वरीस झाला. आता नारल पडला तर एका ओहोटीत सगला खरवडून नेतील. आनि एकदा माजा शब्द फुकट गेला तर परत कोन बंद करील?"

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं. वहीतही लिहिलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते वाचून तुम्ही म्हणाल की ह्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं का.

शनिवार, पौर्णिमा

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी अकरालाच धक्क्यावर जाऊन उभी राहिले, आणि खरोखर सव्वाअकराच्या सुमारास पाणी काठोकाठ येऊन थांबलं. थांबलं म्हणजे अक्षरशः थांबलं. वारा पडला, तिवरांचे फक्त शेंडे वर राहिले, एक पांढरा बगळा त्यावर तोल सांभाळत बसला. मला भरून आलं. आमच्याकडे नव्या स्कूटरपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यापुढे नारळ ठेवायची सवय. मंजुळाबाईंनी ओटी भरून घेतली होती, पण नारळ "पाहुनीचा नारल घरातच फिरवतात" म्हणून प्रथेप्रमाणे परत माझ्याच पिशवीत टाकला होता. पौर्णिमा, भरलेली खाडी, पिशवीत नारळ. मी त्याला हळदकुंकू लावलं, डोळे मिटले, "आई, सांभाळ गं ह्या बायकांना," म्हटलं आणि दिला सोडून पाण्यात.

त्यांचा तो विधीचा नारळ वेगळा आणि माझा आपला घरगुती नमस्कार वेगळा, असं मी मनात धरलं होतं. खाडीला हा फरक समजावून सांगायचं राहिलं.

बांधावर दोघीजणी भांडी घासत होत्या. त्यातली एक ताडकन उठली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की बगळा उडाला. "नारल पडला गो! नारल पडलाऽऽ!"

मी अजून हसतच होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. पण दारं उघडायला लागली. बायका बाहेर आल्या, आत गेल्या आणि हातात कोयत्या आणि टोपल्या घेऊन परत बाहेर आल्या. कुणीतरी पाट्यावर कोयती घासायला घेतली. तो घासण्याचा आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

मंजुळाबाई धावत आल्या. पाण्याकडे पाहिलं, माझ्या कुंकवानं लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, काय केलाव ह्या तुमी?"

मी तीस वर्षांत कुठल्या मुलासमोर रडले नव्हते. तिथे रडले. "माझा नारळ धरू नका हो, मी गावची नाही," असं मी प्रत्येकीला सांगत सुटले. पण बायकांचं म्हणणं सरळ होतं: खाडीत नारळ पडला की उघडायचं असं ठरलं होतं, कुणी टाकायचा ते ठरलं नव्हतं. मी शिक्षिका, मला हे उत्तर खोडताही येईना. संध्याकाळी सव्वापाचला चिखल सुकणार होता आणि तेव्हा अख्खं गाव त्यात उतरणार होतं.

शेवटी हिराआजी काठी टेकत आल्या. बायकांनी त्यांना वाट दिली. आजींनी विचारलं, "कोनत्या पान्यात टाकला? चडत्या का उतरत्या?"

"भरून थांबलं होतं तेव्हा," मी नाक ओढत म्हटलं.

आजींनी तंबाखू गालात सारली. "मंग तो अजून खाडीतच हाय. पडला म्हंजे दर्यानं घेतला असा नाय. खाडीच्या तोंडाभायेर गेला, तर दर्यानं घेतला. मंग उघडा. पन तवर ज्या हातानं टाकला त्याच हातानं काडला, तर तो पडलाच नाय." आणि मला काठीनं ढोसून म्हणाल्या, "बगतेस काय? पानी उतराय लागला."

काय सांगू त्या पुढच्या दोन तासांबद्दल! पंढरीदादांनी होडी सोडली. मी पुढे, ते वल्ह्यांवर, मंजुळाबाई मागे उभ्या राहून डोळ्यांवर हात धरून पाणी बघताहेत. ओहोटीनं वेग घेतला होता. "तो बगा!" मंजुळाबाई ओरडल्या. लांब, तिवरांच्या वळणावर, एक तपकिरी ठिपका डुलत चालला होता. आम्ही जवळ गेलो. तो प्लास्टिकचा डबा निघाला! पुढे आणखी एक ठिपका. ती थर्माकोलची फळी. देवा, किती कचरा वाहतो हो त्या पाण्यातून. एरवी मी त्यावर भाषण दिलं असतं, पण तेव्हा मला फक्त माझा नारळ हवा होता.

तिसऱ्या वेळी शेंडी दिसली. शेंडीच! मी किंचाळले. नारळ प्रवाहाच्या मधोमध, ऐटीत, खाडीच्या तोंडाकडे चालला होता आणि तोंड आता समोर दिसत होतं, त्यापलीकडे मोकळं पाणी आणि नांगरून उभी असलेली मोठी जहाजं. पंढरीदादांच्या दंडाच्या शिरा फुगल्या. मी होडीच्या काठावर पालथी पडून हात लांब केला. बोटं नारळाला लागली, आणि तो गुळगुळीत मेला सटकून पुढे गेला!

"म्याडम, पडाल!" मंजुळाबाईंनी माझी ओढणी धरली.

"पडू दे!" मी म्हटलं.

तेवढ्यात समोरून एक मोटारबोट आत आली. तिच्या लाटांनी आमची होडी हेलकावली, मी तोंडावर खारं पाणी घेतलं, आणि त्याच लाटांनी नारळ उचलून बाजूला, काठच्या तिवरांच्या मुळांत नेऊन टाकला. होडी आत शिरेना. पंढरीदादा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमालाच जावा लागंल." म्हणून मी उतरले. कमरेएवढा चिखल. डावी चप्पल पहिल्याच पावलाला गेली, उजवी दुसऱ्या. मुळांची टोकं पोटऱ्यांना ओरबाडत होती, एक चिंबोरी नांगी वर करून माझ्याकडे रोखून बघत होती, आणि पाणी उतरत असल्यानं नारळ मुळांतून सुटून पुन्हा प्रवाहाकडे सरकत होता. मी अक्षरशः पोटावर झेपावले. दोन्ही हातांनी धरला, छातीशी घेतला आणि "धरला! धरला!" असं ओरडताना तोंडात गेलेला चिखल गिळला.

मागे बघते तर मंजुळाबाई होडीत बसून हसताहेत आणि रडताहेत. पंढरीदादाही हसत होते.

परत यायला पाणी उरलं नाही. होडी अर्ध्या वाटेत चिखलावर बसली आणि आम्ही तिघं पायी निघालो, मी अनवाणी, नारळ पोटाशी. बांधाजवळ पोहोचलो तेव्हा सव्वापाच होत आले होते आणि बायका टोपल्या घेऊन रांगेनं उभ्या होत्या. माझा अवतार बघून काहीजणी फिसकन हसल्या.

हिराआजींनी नारळ घेतला, कानाशी नेऊन हलवला, आतलं पाणी ऐकलं. "हिनं काडलाय. दर्यानं नाय घेतला."

"पन आता आलोच हाव तर थोड्या काडू दे की, आजी," रांगेतून एकजण म्हणाली. दुसरीनं री ओढली. मंजुळाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सकाळी माझ्या मूर्खपणामुळे, आणि आता ह्या 'थोड्या'मुळे, वर्षभराचं सगळं जाणार होतं.

आजींनी हात पुढे केला. "मंजू, ती बांगडी."

आणि ऐंशीच्या पुढच्या त्या बाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चिखलात उतरून, वाकून एक शिवली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी बांगडी वर धरून त्यावर ठेवली. शिवली आरपार खाली पडली. आजींनी ती उचलली नाही. दुसरी ठेवली, पडली. तिसरी ठेवली, पडली.

"मी मंजूला हसलेली," आजी म्हणाल्या. "बोललेली, बांगड्या घालून दर्या कोन मोजतंय. पन माज्या आईनं मना बांगडीएवडी शिवली दाखवलेली, आनि मी माज्या सुनंला नाय दाखवू शकले. तुमाला नातीला दाखवाची हाय का नाय?"

मग 'थोड्या काडू दे' म्हणणाऱ्या बाईनंच टोपली पालथी करून डोक्यावर घेतली आणि ती घराकडे वळली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या. मंजुळाबाईंनी माझा चिखलानं भरलेला हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मग कानाशी येऊन म्हणाल्या, "आता अंघोल कर गो. वास मारतंस."

'तुमी'चं 'तू' झालं होतं. रात्री चिंबोरीचं कालवण होतं आणि मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

रविवार, प्रतिपदा

निघताना मंजुळाबाईंच्या रबरी चपला पायात, कुर्ता पिशवीत, अंगावर त्यांची साडी. टेम्पोत चढते तर हिराआजी काठी टेकत आल्या आणि नारळ माझ्या ओटीत घातला.

"घरी ने. फोडू नको. तुज्या हातून पडलेला, तुज्या हातून निघाला. बांगडीत शिवली अडकली का तूच आनून टाक."

"मी? आजी, मी तर गावची नाही."

"चिखल खाल्लास ना?"

तर तो नारळ गेले दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. ह्यांनी एकदा सोलकढीसाठी हात घातला, तेव्हा मी असा आवाज काढला की शेजारच्या वहिनी धावत आल्या. दर दोन दिवसांनी मी तो कानाशी धरून हलवते. पाणी वाजतं. मंजुळाबाईंच्या पाटीवर जाऊन मी आता भाव करत नाही, फक्त भुवया उंचावते, आणि त्या मान हलवतात: नाही, अजून नाही. पौर्णिमा आली आणि गेली. कॅलेंडरवर मी तिथ्यांना तीन चतुर्थांशांनी गुणत बसते.

आज सकाळी फोन आला. फाल्गुनी पौर्णिमा चार दिवसांवर आहे, पनवेलच्या गल्ल्यांत होळीची लाकडं जमायला लागलीत, आणि मंजुळाबाईंच्या मागे एवढा गलका होता की मला आधी काही कळेचना.

"काय म्हणता? मोठ्यानं बोला!"

"अडकली!" त्या ओरडल्या. "बाई, बांगडीत अडकली! एक नाय, धाच्या धा अडकल्या! आजी चिखलात उबी राहून नाचतंय! कवा येतेस?"

मी नारळ फळीवरून उतरवलाय. कानाशी धरून हलवला, पाणी आहे. जुन्या चपला काढून ठेवल्यात, ह्या वेळी चांगल्या नेणार नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्याआधी मला धक्क्यावर उभं राहायचंय, आणि ह्या खेपेला डोळे उघडे ठेवून टाकणार आहे.